नाशकात छोटं कॉफी शॉप काढताय? परवाने, गाळा आणि विशेषतः कामाला ठेवलेली माणसं – कायद्याने मालकावर काय काय येतं?

कॉफीकट्टा | ३० नोव्हेंबर २०२५, रात्री ९:१५

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला तळमजल्यावर एक गाळा पाहिलाय. अठरा-वीस जण बसतील एवढी जागा. एस्प्रेसो मशीन, ग्राइंडर, ग्रिल सँडविच आणि बाहेरून आणलेल्या ब्राउनी, कुकीज. मी आणि धाकटी बहीण पूर्णवेळ उभ्या राहणार आणि चार माणसं ठेवणार: दोघं काउंटरवर, एक मदतनीस, एक सफाईला.

मशीन कुठलं घ्यावं, बिया चिकमगळूरच्या की कूर्गच्या, यावर सांगणारे पुष्कळ भेटतात. परवाने आणि नोकरमाणसं हा विषय काढला की जो तो वेगळं सांगतो. एक एजंट म्हणाला, "चार माणसांना कसला आलाय कायदा? शॉप ॲक्टची पावती काढा आणि नारळ फोडा." मला हे पटलेलं नाही. आमच्याकडे येणारी मुलं दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडून शिकायला आलेली असणार. त्यांचं पहिल्या महिन्यापासून रीतसर व्हावं असं मनापासून वाटतं. ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

---

जमाखर्च | १ डिसेंबर, सकाळी ९:४०

करसल्लागार आहे, त्यामुळे माझ्या बाजूचं सांगतो. आधी गाळा.

मंजूर नकाशात तो गाळा दुकान म्हणूनच दाखवलाय का, भोगवटा दाखला (इमारत वापरायला महापालिकेची परवानगी) आहे का आणि घरपट्टी बिगरनिवासी दराने लागते का, हे टोकन देण्याआधी बघा. पार्किंगच्या जागेत काढलेले गाळे भाड्याने देणारे कमी नाहीत. समोरच्या सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती सोडलेल्या जागेत, दोन टेबलं टाकू असा विचार असेल तर तो आत्ताच सोडून द्या. ती जागा मोकळीच ठेवायची असते. तिथली टेबलं उद्या महापालिकेच्या गाडीत गेली तर तक्रार करायला तोंड राहत नाही.

करार लिव्ह अँड लायसन्सचा करा आणि नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी जागामालकावर आहे. "नोटरी पुरे" असं मालक म्हणाला तर ऐकू नका. पुढचे सगळे परवाने या एका कागदावर उभे राहतात.

जीएसटी: वर्षाला २० लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी लागत नाही. म्हणजे रोजचा सरासरी गल्ला साडेपाच हजारांच्या घरात गेला की तुम्ही हद्दीवर आलात. घरपोच ॲपवरून गेलेल्या ऑर्डरचा कर १ जानेवारी २०२२ पासून ॲपवालेच भरतात, पण ती विक्री तुमच्याच उलाढालीत मोजली जाते. बरेच जण इथे चुकतात.

आणि एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. नेहमीच्या पद्धतीने नोंदणी केली तर गिऱ्हाइकाकडून ५ टक्के घ्यायचे, आणि तुम्ही खरेदीवर भरलेल्या कराची वजावट नाही. आता समजा तुमच्या गाळ्याचा मालक जीएसटीत नोंदलेला नाही. ऑक्टोबर २०२४ पासून अशा व्यावसायिक जागेच्या भाड्यावरचा १८ टक्के कर भाडेकरूने, म्हणजे तुम्ही, भरायचा आहे. भाडं ४० हजार असेल तर दरमहा ७,२०० रुपये, आणि त्यातला एक पैसा परत मिळत नाही. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीची ठोक दराची जीएसटी योजना) गेलात तर भाड्यावरचा हा कर नाही. पण मग विक्रीवरचे ५ टक्के तुमच्या खिशातून, गिऱ्हाइकाच्या बिलात कर लावता येत नाही. दोन्ही गणितं कागदावर मांडून बघा आणि मगच मालकाशी भाडं ठरवा.

व्यवसाय कराची दोन खाती असतात. एक तुमचं स्वतःचं, वर्षाला २,५०० रुपये. दुसरं नोकरांच्या पगारातून कापून भरण्याचं. पुरुष कर्मचाऱ्याचा पगार साडेसात हजारांच्या वर गेला की कपात सुरू होते, महिलांसाठी ती मर्यादा २५ हजार आहे. रक्कम किरकोळ असते, विवरणपत्र राहून गेलं की दंड मात्र वाढत जातो.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून होणारी सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर तिथून उठा.

---

इंदिरानगरचा_कॅफेवाला | १ डिसेंबर, दुपारी ३:२०

कॉफीकट्टा, मनापासून शुभेच्छा. जमाखर्च यांनी पैशाचं सांगितलं, मी ओट्यामागचं सांगतो.

अन्न परवाना सगळ्यात आधी. उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर वर्षाला १०० रुपयांत साधी नोंदणी होते, त्यावर गेली की राज्य परवाना. बारा लाख म्हणजे रोजचे जेमतेम तेहेतीसशे. वीस खुर्च्यांचं दुकान आणि भाडं-पगार धरून तेवढ्यात भागणारच नाही, म्हणून थेट राज्य परवान्याचाच अर्ज करा. अर्ज फॉसकॉसवर, म्हणजे अन्न परवान्यांच्या सरकारी संकेतस्थळावर, ऑनलाइन होतो. चौदा आकडी क्रमांक दुकानात दिसेल असा लावायचा आणि प्रत्येक बिलावर छापायचा.

परवाना मिळाला म्हणजे काम संपलं, असं समजू नका. आमच्याकडे अधिकारी तपासणीला आले तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या चौकटीकडे फारसं पाहिलंही नाही. सरळ ओट्याखालचा फ्रिज उघडला. दुधाची उघडलेली पिशवी कधीची, चॉकलेट सॉसच्या बाटलीवर उघडल्याची तारीख का नाही, स्टीम वँडचं (दूध फेसायच्या वाफेच्या नळीचं) फडकं वेगळं आहे का, ब्राउनी कुणाकडून येतात आणि त्यांचा परवाना क्रमांक दाखवा. हा शेवटचा प्रश्न तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. घरून केक-ब्राउनी करणाऱ्या ताईंकडून माल घेत असाल तर त्यांचीही अन्न नोंदणी हवी आणि त्यांचं बिल हवं. त्यांच्याकडे नसेल तर १०० रुपयांचं काम आहे, तुम्हीच त्यांना करून द्या.

पदार्थ हाताळणाऱ्या प्रत्येकाची दरवर्षी वैद्यकीय तपासणी, विषमज्वराची लस, आणि निदान एकाने फॉस्टॅक (अन्नसुरक्षेचं सरकारमान्य) प्रशिक्षण घेतलेलं असावं. बहिणीला पाठवा. हा खर्च मालकाचा, मुलांच्या पगारातून कापायचा नाही.

पेले. कॉफीवाल्यांचा जीव इथे अडकतो. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ, ढवळण्या, चमचे, पेले १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. महाराष्ट्राने त्याच महिन्यात आतून प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदी कप-प्लेटाही बंद केल्या. भद्रकालीच्या होलसेलवाल्याकडे "पेपर कप" म्हणून जे मिळतं ते आतून बोट फिरवून बघा. कंपोस्ट होणारे प्रमाणित कप घ्या आणि प्रमाणपत्राची प्रत दुकानात ठेवा. पहिला दंड ५ हजार, दुसरा १० हजार. आम्ही बसणाऱ्यांना सरसकट चिनी मातीचे कप देतो. धुवायला माणूस लागतो, पण कॉफीही त्यातच चांगली लागते.

गॅस १९ किलोचाच. घरगुती लाल सिलिंडर दुकानात दिसता कामा नये, तो गुन्हा आहे. संगीत लावणार असाल तर मोबाइलमधलं तुमचं वैयक्तिक सदस्यत्व दुकानात चालत नाही. कॉपीराइट कायद्याप्रमाणे ते सार्वजनिक वादन होतं आणि हक्कधारक संस्थांकडून वेगळा परवाना लागतो. इमारतीला अग्निशमन व्यवस्था असेल तर तिचं जानेवारी-जुलैचं सहामाही प्रमाणपत्र सोसायटीकडून बघून घ्या. धूम्रपान मनाईची ६० बाय ३० सेंटिमीटरची पाटी लावा.

माणसांबद्दल जाणकारांनी लिहावं. माझ्याकडे सगळं आमचे सल्लागार बघतात.

---

सातपूरकर | १ डिसेंबर, संध्याकाळी ७:०५

एवढं घाबरवू नका हो नव्या माणसाला. चार पोरं आहेत. पगार रोखीत द्या, सणाला मिठाई द्या, सांभाळून घ्या. कागद केले की पोरंच उद्या लेबर ऑफिसला जातात.

---

तळटीप | १ डिसेंबर, रात्री १०:३०

सातपूरकर, तुमच्या बोलण्यात आपुलकी आहे, पण सल्ला मालकालाच बुडवणारा आहे. कामगार कायद्याची वकिली करते, म्हणून जरा लांबण लावते.

आधी नोंदणीचं. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, तीही धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत. यंदा ऑक्टोबरात अध्यादेशाने ही मर्यादा वीसवर नेली. तुमची चार माणसं, म्हणजे दोन्हीकडून सूचनाच. त्या पावतीला लोक शॉप ॲक्ट किंवा गुमास्ता म्हणतात आणि बँकेला चालू खात्यासाठी तीच लागते. इथवर एजंट बरोबर आहे.

इथून पुढे तो चुकतो. शॉप ॲक्टची बरीच कलमं छोट्या दुकानाला लागत नाहीत, याचा अर्थ माणसांना काहीच हक्क नाहीत असा लोक काढतात. गेल्या २१ नोव्हेंबरपासून जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यातली वेतन संहिता २०१९ माणसांची संख्या विचारत नाही. एक नोकर असला तरी लागू. राज्याचे नवे नियम अंतिम होईपर्यंत जुने नियम, जिथे संहितेशी विसंगत नाहीत तिथे, चालू राहतात.

त्यातून तुमच्यावर काय येतं? किमान वेतनाच्या खाली पगार देता येत नाही, मुलगा स्वतः "चालेल" म्हणाला तरीही. हॉटेल-उपाहारगृहांचे दर वेगळे असतात. मूळ दरावर विशेष भत्ता असतो आणि तो दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. म्हणून वर्षातून दोनदा दर तपासा. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. ठरलेल्या तासांवर थांबवलं तर जादा तासांना दुप्पट दर. कोणी काम सोडलं किंवा तुम्ही काढलं, तर दोन कामकाजाच्या दिवसांत सगळा हिशेब चुकता. वेतनचिठ्ठी द्यायची, हजेरी आणि पगाराची नोंदवही ठेवायची.

आणि सातपूरकर, रोखीबद्दल. कमी पगाराची किंवा पगार न दिल्याची तक्रार झाली तर पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. वेतन संहितेचं कलम ५९. मुलाने काहीच सिद्ध करायचं नाही, तुम्ही करायचं. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई लागू शकते. तुम्ही प्रामाणिकपणे प्रत्येक महिन्याला पूर्ण पगार हातात दिला असेल, पण पावती नाही, सही नाही, बँकेची नोंद नाही. मग अधिकाऱ्यासमोर तुमच्या आपुलकीचा पुरावा कुठून आणणार? कागद कामगाराला संरक्षण देतो हे खरंच, पण छोट्या मालकाला तो त्याहून जास्त लागतो. मोठ्या कंपनीकडे वकील असतात, तुमच्याकडे ती वहीच असते.

---

वाफाळता | २ डिसेंबर, सकाळी ११:५०

मी काउंटरच्या दुसऱ्या बाजूचा. बरिस्ता म्हणून नाशकात दोन ठिकाणी काम केलंय, नावं घेत नाही.

पहिल्या ठिकाणी पगार पाकिटात यायचा आणि पाकिटावर पेन्सिलने आकडे असायचे. कप फुटला, वजा. गल्ला शंभर रुपयांनी कमी भरला, दोघांच्या पगारातून वजा, मग त्या वेळी ड्रॉवरवर कोणी का असेना. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका मालकाच्या कपाटात, "सोडून जाऊ नये म्हणून". सोडताना त्या मिळवायला मला महिनाभर चकरा मारायला लागल्या, शेवटच्या पगाराचं तर सोडूनच द्या.

एकदा गर्दीच्या वेळी दूध फेसताना जगचा दांडा सटकला. स्टीम वँडची वाफ सरळ मनगटावर आली. कातडी लगेच पांढरी पडली आणि वरून उकळतं दूध. सहकाऱ्याने नळाखाली हात धरला म्हणून निभावलं. दुकानात मलमाची नळीसुद्धा नव्हती. दवाखान्याचा खर्च माझा, आणि घरी राहिलेल्या दिवसांचा पगार कापला.

दुसऱ्या ठिकाणी नियुक्तीपत्र मिळालं, एक पान, मराठीत. पगार बँकेत. आठवड्याची सुट्टी तक्त्यावर लिहिलेली. पहिल्याच दिवशी मालकिणीने मशीनचा मुख्य बटण कुठे आणि भाजलं तर काय करायचं हे दाखवलं. पगार दोन्हीकडे जवळपास सारखाच होता, तरी तिथली मुलं वर्षानुवर्षं टिकली. कॉफीकट्टा, तुम्ही आधीच हे विचारताय याचं बरं वाटलं.

---

तळटीप | २ डिसेंबर, दुपारी ४:१०

वाफाळता, तुमच्या बाबतीत जे झालं त्यातलं जवळजवळ सगळंच बेकायदा होतं.

नुकसानीपोटी कपात करायची तर ते त्याच माणसाच्या निष्काळजीपणामुळे झालं हे दिसायला हवं आणि त्याला बाजू मांडायची संधी द्यायला हवी. दोघांकडून सरसकट वसुली चालत नाही. एकूण कपात पगाराच्या निम्म्याच्या वर जाऊ शकत नाही. मूळ कागदपत्रं ठेवून घेणं तर कुठल्याच कायद्यात बसत नाही. झेरॉक्स घ्यावी, मूळ प्रत समोरच परत द्यावी.

भाजण्याबद्दल. दहा माणसं झाली की कर्मचारी राज्य विमा लागू होतो आणि उपचार, आजारपणाचा भत्ता तिथून मिळतो. दहाच्या आत असाल तर कामावर झालेल्या इजेची भरपाई थेट मालकाच्या खिशातून. कॉफीकट्टा, तुम्ही नेमक्या याच गटात आहात. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत कामावर येता-जाता झालेला अपघातही, वेळ-जागा आणि काम यांचा संबंध दिसत असेल तर, यात येतो. रात्री दुकान बंद करून दुचाकीवर म्हसरूळला जाणारा मुलगा डोळ्यासमोर आणा.

यावर दोन वाटा आहेत. विमा कंपन्यांची वर्कमेन कॉम्पेन्सेशन पॉलिसी, चार माणसांसाठी ती परवडते. किंवा दहाच्या आत असूनही स्वखुशीने राज्य विम्यात जाणं, बहुसंख्य कर्मचाऱ्यांची संमती असेल तर संहितेत तशी सोय आहे. हप्ता मालकाचा ३.२५ टक्के, कर्मचाऱ्याचा ०.७५ टक्के. उदाहरणापुरता १४ हजार पगार धरला तर तुमचे ४५५ आणि त्याचे १०५. त्यात त्याच्या घरच्यांचाही उपचार येतो. मी तुमच्या जागी असते तर दुसरी वाट आधी चाचपून पाहिली असती.

भविष्य निर्वाह निधी वीस माणसांपासून, ग्रॅच्युइटी दहापासून. कामगार कल्याण निधी मात्र पाच माणसांपासूनच सुरू होतो, जून आणि डिसेंबरमध्ये भरायचा. पाचवा माणूस घेताना तेवढं लक्षात ठेवा.

---

कॉफीकट्टा | २ डिसेंबर, रात्री ९:४५

सगळ्यांचे खूप आभार. वाफाळता, तुमचा प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवला. प्रथमोपचार पेटी मशीनच्या यादीतच लिहिली आहे.

तीन प्रश्न राहिले. ओळखीतल्या एकांचा सतरा वर्षांचा मुलगा संध्याकाळी काम मागतोय, घेऊ का? मुली कामाला असतील तर दहाच्या आत तक्रार समिती लागते का? आणि पाटीवर नाव इंग्रजीत ठेवायचा विचार होता, चालेल का?

---

तळटीप | ३ डिसेंबर, सकाळी ८:३०

चौदा वर्षांखालच्या मुलाला ठेवणं पूर्ण बंद. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. चौदा ते अठरामधल्याला धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. इतर काम चालतं, पण संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत नाही, आणि दिवसाला विश्रांती धरून सहा तासांच्या वर नाही. तुमची गर्दीच सातनंतर. शिवाय गॅस आणि वाफेजवळ त्याला उभं करायचं मनातही आणू नका. अठरा पूर्ण झाल्यावर या, असं प्रेमाने सांगा आणि सगळ्यांच्याच वयाचा पुरावा फायलीत ठेवा.

दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती लागत नाही. म्हणून २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा लागू नाही, असं मात्र नाही. अशा ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. आणि आरोप मालकावरच असेल तरी तिथेच. ही माहिती कर्मचाऱ्यांच्या खोलीत लावा. त्रास गिऱ्हाइकाने दिला तर मालकिणीने मुलीच्या बाजूने उभं राहायचं, हे तिला कामावर घेतानाच सांगा.

---

पंचवटीकर | ३ डिसेंबर, दुपारी १:१५

पाटीचं मी सांगतो. मार्च २०२२ पासून एक माणूस असलेल्या दुकानालाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची आहे आणि इतर लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत देऊन हा विषय संपवला. इंग्रजी नाव खुशाल ठेवा, पण ते देवनागरीत आधी आणि ठळक. पाटीवाल्याला डिझाइन देतानाच सांगा, नाहीतर दोनदा पैसे जातील.

आणखी एक. पुढच्या ऑक्टोबरपासून सिंहस्थाचं पर्व सुरू होतंय, गर्दीच्या दिवसांत सगळेच तात्पुरती पोरं घेतात. आठ दिवसांसाठी घेतलेल्यालाही किमान वेतन लागतं ना?

---

तळटीप | ३ डिसेंबर, संध्याकाळी ६:००

लागतं. एका दिवसासाठी घेतलं तरी. आणि त्या काळात डोकी मोजत राहा. तात्पुरते, अर्धवेळ, कंत्राटदाराचे धरून दहा झाले की राज्य विमा आणि अंतर्गत समिती दोन्ही येतात. दुकानं-हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायला राज्याने यंदा १ ऑक्टोबरच्या शासन निर्णयाने हरकत नाही म्हटलंय, पण प्रत्येकाला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी द्यायचीच. दुकान चालू राहील, माणूस नाही.

---

कॉफीकट्टा | ४ डिसेंबर, रात्री १०:२०

एक शेवटचं. नियुक्तीपत्र स्वतः लिहिते आहे. त्यात काय काय हवं? आणि सेवाशुल्क लावून ते मुलांना वाटलं तर?

---

तळटीप | ५ डिसेंबर, सकाळी ९:००

सेवाशुल्क सक्तीने बिलात लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे २०२२ चे निर्देश दिल्ली उच्च न्यायालयाने यंदा मार्चमध्ये कायम केले. काउंटरवर टिपांची बरणी ठेवा आणि आठवड्याला सगळ्यांसमोर वाटा. टीप पगारात धरू नका.

पत्र मराठीतच लिहा. नाव, पत्ता, कामाचं स्वरूप, रुजू तारीख, मूळ वेतन आणि भत्ते वेगवेगळे, पगाराची तारीख, रोजचे तास आणि मधली सुट्टी, साप्ताहिक सुट्टीचा वार, जादा कामाचा दर, सोडताना दोन्हीकडून किती दिवसांची सूचना. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर ठेवू नका, वरची रक्कम संहितेत वेतनातच धरली जाते. दोन प्रती काढा, वाचून दाखवून सही घ्या, एक त्याच्या हातात द्या. मसुदा झाला की इथे टाका, बघून देते.

---

वाफाळता | ५ डिसेंबर, सकाळी ९:३५

माझ्याकडे मला मिळालेलं ते एक पानी पत्र अजून आहे. नावं झाकून फोटो टाकतो, नमुन्याला उपयोगी पडेल. आणि काउंटरच्या दोघांपैकी एक जागा अजून रिकामी असेल तर कळवा, मी येऊन भेटतो.